धंदा अडला, तर पहिला रुपया कोणाला? लॉकडाऊनच्या वहीतून एक धडा



व्हिडिओ बघताना आकडे वहीत उतरवून घेणं अवघड जातं, म्हणून तोच धडा इथे सविस्तर लिहून देतोय. वही, पेन आणि मोबाईलमधलं कॅल्क्युलेटर घेऊन बसा. आज थोडी आकडेमोड आहे आणि थोडं मन घट्ट करून ठरवायचं काम आहे.

विषय लॉकडाऊनचा आहे. "सर, ते आता जुनं झालं की," असं कोणीतरी म्हणणारच. पण बघा, लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात गावंच्या गावं पाण्यात गेली. धंदा अडवणारं काही ना काही आपल्या भागात येतच असतं. कधी ते जिल्ह्यावर येतं, कधी फक्त आपल्या घरावर. मालक पंधरा दिवस दवाखान्यात पडला तर त्याच्या दुकानापुरतं तेही लॉकडाऊनच असतं. २०२० आणि २०२१ सालं एवढ्यासाठी काढायची की त्या दोन वर्षांत सगळ्यांच्या वह्या एकाच वेळी उघड्या पडल्या. कोण किती दिवस तग धरू शकतं, कोणाचं कोणावाचून अडतं, हे सगळं दिसलं.

आधी तारखा नीट आठवा. २२ मार्च २०२० ला, रविवारी, जनता कर्फ्यू झाला. २४ तारखेच्या रात्री आठ वाजता देशभराच्या लॉकडाऊनची घोषणा झाली आणि तो २५ मार्चपासून लागला. त्या दिवशी गुढीपाडवा होता. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत ज्यांचं कापडाचं, सोन्याचं, भांड्याचं दुकान आहे त्यांना पाडवा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. लग्नसराईचा माल भरलेला, व्यापाऱ्याचे पैसे द्यायचे बाकी, आणि शटर खाली. पुढे अक्षय्य तृतीया, रमजान ईद, मे महिन्यातल्या लग्नतिथी, सगळं बंद दारामागं गेलं. जुलैमध्ये दोन्ही जिल्ह्यांत परत कडक बंद पाळावा लागला. लोकांनी म्हटलं, एक वर्ष गेलं, पुढचं तरी हाती लागेल. तर २०२१ मध्ये पाडवा होता १३ एप्रिलला आणि १४ एप्रिलच्या रात्री आठपासून राज्यभर 'ब्रेक द चेन'ची संचारबंदी लागली. नांदेड जिल्ह्यात तर २५ मार्चपासूनच जिल्हा पातळीवरची टाळेबंदी सुरू झाली होती. म्हणजे लागोपाठ दोन वर्षं तोच सीझन गेला. हा नशिबाचा भाग झाला, त्यात कोणाची हुशारी चालत नाही. हुशारी चालते ती पुढच्या गोष्टीत.

आपला श्वास किती दिवसांचा?

लातूरचंच उदाहरण घेऊ. लातूर पॅटर्नमुळे बाहेरगावची हजारो पोरं इथं शिकायला राहतात, आणि त्यांच्या जिवावर मेस, खोल्या, झेरॉक्स, स्टेशनरी, सायकल दुरुस्ती, ऑटो असा मोठा पसारा चालतो. मार्च २०२० च्या मध्यात शाळा-कॉलेज बंद झाली, पोरं बॅगा घेऊन गावाकडं गेली. ३ मेची नीट परीक्षा आधी २६ जुलैला ढकलली, मग १३ सप्टेंबरला. पोरं परत कधी येणार हे कोणालाच सांगता येईना.

आता समजा एक काकू मेस चालवतात. चाळीस पोरं, महिन्याला प्रत्येकी अडीच हजार. आकडे मी समजावण्यासाठी धरलेत, तुमचे तुम्ही टाका. गल्ल्यात महिन्याला एक लाख येतात. किराणा, भाजी, गॅस यात ५५ हजार जातात. पोळ्या करणाऱ्या एक मावशी आणि भांडी-झाडलोट करणाऱ्या एक मावशी, दोघींचे मिळून १२ हजार. जागेचं भाडं ८ हजार, बँकेचा हप्ता ५ हजार, लाईट-पाणी २ हजार. उरले १८ हजार, त्यात काकूंचं घर चालतं.

धंदा बंद पडला की काय होतं? एक लाख थांबले, पण सगळा खर्च थांबत नाही. किराण्याचे ५५ हजार वाचले. बाकी मावशींचे १२, भाडं ८, हप्ता ५, लाईट समजा १ हजारावर आलं, आणि घर अगदी ओढून ताणून १२ हजारांत. बेरीज ३८ हजार. रोजचे झाले साधारण १,२६७ रुपये. हा आकडा मला प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर पाहिजे: शटर बंद असताना माझा एक दिवस कितीला पडतो?

काकूंकडं बँकेत आणि डब्यात मिळून ५० हजार आहेत. ५० हजार भागिले १,२६७, म्हणजे ३९ दिवस. काकू म्हणतात, चला, महिनाभर तरी बघायला नको. पण त्या ५० हजारांत २० हजार पोरांच्या अनामतीचे आहेत! चाळीस पोरांचे पाचशे-पाचशे. ते पैसे काकूंचे नाहीत, त्यांच्याकडं ठेवायला दिलेत. खरे हातातले ३० हजार, म्हणजे २४ दिवस पण पूर्ण नाहीत.

आता हे कॅलेंडरवर ठेवून बघा. पहिला लॉकडाऊन जाहीर झाला तो २१ दिवसांचा, १४ एप्रिलपर्यंत. काकूंचे २४ दिवस १७ एप्रिलला संपतात. नेमकं १४ तारखेला कळलं की ३ मेपर्यंत वाढलं. मग १७ मे. मग ३१ मे. एकूण ६८ दिवस, आणि त्यानंतरही पोरं काही लगेच आली नाहीत. ज्यांना आपला आकडा माहीत होता त्यांनी पहिल्याच आठवड्यात घरमालकाशी बोलणं केलं, बँकेत विचारलं, डबे सुरू करता येतात का पाहिलं. ज्यांना माहीत नव्हता ते "उघडंल की चार दिवसांत" म्हणत बसले आणि डबा रिकामा झाल्यावर बोलायला गेले. रिकाम्या हातानं बोलणी करणं फार जड जातं हो.

कापड दुकानदाराचं गणित याहून वेगळं. त्याचा पैसा मालात अडकलेला असतो. दोन लाखांचा माल फळीवर आहे म्हणून तो श्वासात धरू नका. बंद दुकानातली साडी आज वीज बिल भरू शकत नाही.

मग पैसे कोणाला आधी?

बहुतेक जण अशा वेळी काय करतात? जो जास्त ओरडतो त्याला आधी देतात. बँकेचा फोन आला की हप्ता, घरमालक दारात आला की भाडं, आणि भांडीवाल्या मावशी काहीच बोलत नाहीत म्हणून त्यांचं शेवटी. मला हा क्रम पटत नाही. धंद्याच्या दृष्टीनं पण तो चुकीचा आहे.

माझ्या मते घरातलं रेशन आणि औषधं पहिली. त्यानंतर लगेच आपल्याकडं काम करणारी माणसं. पूर्ण पगार जमणार नाही, हे सगळ्यांना कळतं. २९ मार्च २०२० ला केंद्र सरकारनं पूर्ण वेतन द्या असा आदेश काढला होता, तो १८ मेपासून मागे घेतला गेला. कागदावर काहीही असो, चाळीस पोरांच्या मेसला दोन पूर्ण पगार बंद काळात झेपत नाहीत. पण अर्धा पगार, आणि तोही ठरलेल्या तारखेला, झेपतो. मावशींना दर पाच तारखेला दीड-दोन हजार का होईना मिळतात हे कळलं की त्या दुसरीकडं जात नाहीत. मेस परत उघडेल त्या दिवशी पोळ्या कोण लाटणार आहे? नवीन माणूस शोधून, हाताला चव लागेपर्यंत जे दोन महिने जातात, त्यात पोरं दुसऱ्या मेसला जातात.

त्यानंतर छोटा पुरवठादार. भाजीवाली, दूधवाला, पिठाची गिरणी. यांची बाकी हजार-दोन हजाराची असते, पण त्यांचा पूर्ण आठवडा त्यावर असतो. मोठ्या होलसेलरला थांबवता येतं, त्याला आणखी चार गिऱ्हाइकं आहेत. नवा मोंढ्यातला आडत्या तुमचे वीस हजार महिनाभर थांबवू शकतो. भाजीवाली पाचशे थांबवू शकत नाही. लहान माणसाची बाकी आधी मिटवा.

अनामत परत मागणाऱ्यांना "हो, देणार आहे, दोन हप्त्यांत देते" असं स्वतःहून सांगा. पोराच्या वडलांचा फोन उचलायचा टाळला की पुढच्या वर्षी त्या गावातून एकही पोरगं तुमच्याकडं येत नाही. लातुरात मेसची जाहिरात पोरंच करतात, आणि बदनामी पण तीच करतात.

भाड्याचं मालकाशी बसून बोला. अर्धं आता, अर्धं उघडल्यावर सहा महिन्यांत. तोंडी ठरलं तरी मोबाईलवर दोन ओळींचा मेसेज करून ठेवा. पुढं दोघांनाही विसर पडतो.

बँक शेवटी. हे ऐकून काही जण दचकतात. पण विचार करा, या सगळ्या लोकांमध्ये थांबायची ताकद कोणाकडं जास्त आहे? शिवाय अशा संकटात बँकेसाठी वरून नियम येतात. रिझर्व्ह बँकेनं २७ मार्च २०२० ला हप्ते तीन महिने पुढं ढकलायची मुभा दिली, नंतर ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. फक्त एक गोष्ट तेव्हा फार जणांना कळली नाही: हप्ता थांबला तरी व्याज थांबलं नव्हतं.

काकूंचं कर्ज दीड लाख बाकी आहे, १२ टक्क्यांनी. महिन्याचं व्याज १,५००. सहा महिने हप्ता भरला नाही तर व्याज ९ हजार, आणि व्याजावरचं व्याज धरून साधारण ९,२२८. हे जे वरचे सव्वादोनशे आहेत, म्हणजे चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक, तो दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना सरकारनं नंतर परत दिला. मूळ ९ हजार मात्र कर्जात मिळाले. पाच हजारांच्या हप्त्यानं ते फेडायचे तर शेवटी जवळजवळ अडीच हप्ते जास्त भरावे लागतात. तर मग सवलत घ्यायची की नाही? हातात पैसे असतील तर घेऊ नका, हप्ता भरा. नसतील तर जरूर घ्या. सहा महिन्यांत पाच हजारांप्रमाणे ३० हजार हातात राहतात आणि त्याची किंमत अडीच हप्ते आहे. खाजगी सावकाराच्या महिना पाच टक्क्यांपेक्षा हे कितीतरी स्वस्त. पण बँकेत जाऊन लेखी विचारून घ्या. गप्प बसून हप्ता चुकवणं आणि सवलत घेऊन हप्ता थांबवणं, या दोन्हींचा सिबिलवर वेगळा परिणाम होतो.

आलेल्या लाटेवर उडी मारायची का?

लॉकडाऊन लागला की डोकं भलतीकडं पळतं. मास्क, सॅनिटायझर! मार्च २०२० च्या सुरुवातीला कित्येकांनी महागात मास्क उचलले. १३ मार्चला सरकारनं मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंत घातले आणि २१ मार्चला भाव बांधून दिले: तीन पदरी मास्क दहा रुपये, दोन पदरी आठ, दोनशे मिलीची सॅनिटायझरची बाटली शंभर. पंधरा रुपयांनी घेतलेला मास्क दहाला विकायची वेळ आली. टंचाईचा माल कधीही भाव बांधण्याच्या टोकावर उभा असतो, हे लक्षात ठेवा. आणि गल्लीतल्या माणसाला संकटात दुप्पट भावानं विकलेली वस्तू तो दहा वर्षं विसरत नाही.

त्याच वेळी शिलाई मशीन असलेल्या बचत गटांच्या बायकांनी कापडी मास्क शिवले आणि त्यांना काम मिळालं. फरक कुठं आहे? मशीन घरातली, हात शिकलेला, कापड थोडं. नवीन भांडवल लागलं नाही. आपल्याकडं जे आहे त्यातून होत असेल तर करा. काकूंना मेसच्या भांड्यांतच डबे करता येतात. क्वारंटाइनमधल्या घरांना, दवाखान्यात पेशंटजवळ बसलेल्या नातेवाइकांना डबा लागतच होता. उलट, भाजीचा गाडा सोपा म्हणून ज्याच्या त्याच्या हातात गाडा आला, आणि भाजी ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे. पहाटे लिलावात भाव कळावा लागतो, संध्याकाळी उरलेलं फेकावं लागतं.

किराणावाल्यांना एप्रिल २०२१ मध्ये सकाळी सात ते अकरा एवढाच वेळ मिळाला होता. चार तास म्हणजे २४० मिनिटं. काउंटरवर एका गिऱ्हाइकाला तीन मिनिटं लागली तर ८० गिऱ्हाइकं होतात. पण यादी आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर घेतली, पिशवी भरून नाव लावून ठेवली, पैसे क्यूआरवर घेतले, तर एका गिऱ्हाइकाला एक मिनिट पुरतं. तेवढ्याच वेळात २४०, आणि दुकानासमोर गर्दी नाही म्हणून दंडाची भीती नाही. ही सवय ज्यांनी तेव्हा लावली त्यांचं दिवाळीच्या गर्दीत पण काम हलकं होतं.

मदतीलाही वहीत जागा

आता ज्यासाठी हा धडा घेतला तिथं येतो. धंदा अडलेला असताना दुसऱ्याला मदत करायची का, आणि किती?

त्या एप्रिलमध्ये नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात पंजाब आणि आसपासच्या भागातून आलेले सुमारे चार हजार भाविक अडकून पडले होते. रेल्वे बंद, बस बंद. महिनाभर त्यांची सोय तिथंच झाली, मग एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बसगाड्यांनी ते परत गेले. लंगरला श्रद्धेच्या नजरेनं सगळेच बघतात. उद्योजकाच्या नजरेनं पण एकदा बघा. जेवण साधं आणि ठरलेलं, त्यामुळं धान्याचा अंदाज चुकत नाही. कामाची वाटणी ठरलेली. भांडी, चूल, साठा आधीपासून तयार. कोण आहेस, कुठला आहेस, हे विचारण्यात वेळ जात नाही. संकट आल्यावर मदत "सुरू" करावी लागली नाही, रोज चालू असलेलीच पुढं चालली. याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. पंजाबात पोचल्यावर त्यांतल्या अनेकांच्या चाचण्या पॉझिटिव्ह आल्या. एवढी माणसं एकत्र राहतात, प्रवास करतात, तेव्हा रोगही सोबत जातो. म्हणून डबा दारात ठेवून फोन करणं, पोचवणाऱ्या पोराला मास्क आणि साबण देणं, हे मदतीच्याच खर्चात धरायचं. आपला डिलिव्हरीचा पोरगा आजारी पडला तर त्याच्या घराला मदत कोण करणार?

दुसरं उदाहरण शिवभोजनचं. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत थाळी सुरू झाली, लॉकडाऊनमध्ये ती पाच रुपयांना मिळू लागली आणि एप्रिल २०२१ मध्ये मोफत झाली. शहरात एका थाळीचे पन्नास रुपये धरलेले, गिऱ्हाइकाकडून पाच आले की उरलेले ४५ सरकारकडून केंद्रचालकाला. शंभर थाळ्या रोज म्हणजे रोजचे साडेचार हजार येणे बाकी. बिल महिन्यानं मिळालं तर एक लाख ३५ हजार तुमच्या खिशातले फिरतात. असं काम घ्यायला हरकत नाही, पुण्याचं पण आहे आणि स्वयंपाकघर चालू राहतं. पण ते घेण्याआधी तेवढं खेळतं भांडवल आहे का, हे पहिल्या पानावरच्या आकड्याला विचारा.

आपल्या पातळीवरची मदत बहुतेक वेळा उधारीच्या रूपात येते. दुकानात ओळखीचा माणूस उभा राहतो. हमाली बंद आहे, हातात काही नाही, पीठ-तेल द्या म्हणतो. नाही म्हणवत नाही, आणि म्हणूही नये. पण सगळ्यांना सगळं देत गेलात तर दीड महिन्यात तुमचंच शटर कायमचं खाली. म्हणून वहीत एक वेगळं पान करा, वर लिहा 'मदत', आणि महिन्याची रक्कम ठरवा. पाचशे असू द्या, दोन हजार असू द्या. उधारी वेगळी, मदत वेगळी. उधारी परत येणार असं धरून चालायचं, मदत गेली असं धरून. उधारीवर पीठ, मीठ, डाळ, तेल, साबण, दूध द्या. गुटखा-सिगारेट उधार नाही, हे सरळ तोंडावर सांगा, कोणी रागावत नाही. मदतीचं पान संपलं तर "या महिन्यातलं संपलं, पाच तारखेला या" असं सांगता येतं, आणि ते खोटं नसल्यामुळं जीभ अडखळत नाही. आणि कृपा करून, किट देताना फोटो काढू नका. शेजारच्याच गल्लीतला माणूस आहे तो.

आता एक अवघड प्रसंग. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये हा अनेक दुकानदारांवर आला. वहीत एका गिऱ्हाइकाच्या नावावर ३,२०० रुपये बाकी आहेत आणि तो माणूस गेला. कमावता होता. घरात बायको, दोन शाळकरी पोरं. काय करायचं? भेटायला जा, वही घरी ठेवून जा. आपल्या मोबाईलमध्ये उधारीचं ॲप असेल तर त्या नंबरला जाणारा आठवणीचा मेसेज त्याच दिवशी बंद करा; यंत्राला माणूस गेलेला कळत नसतो. पुढचे दोन-तीन महिने विषय काढायचा नाही. बऱ्याचदा घरची बाई स्वतःच विचारते, "यांची तुमच्याकडं काही बाकी होती का?" खरा आकडा सांगा, कमी-जास्त करू नका. देते म्हणाली तर जमेल तसं घ्या. तिचा मान आहे तो. त्या घराची परिस्थिती दिसतच असेल तर स्वतःच ते ३,२०० उधारीच्या पानावरून मदतीच्या पानावर उतरवा, नावापुढं तारीख टाका आणि परत त्या ओळीकडं बघू नका. मदतीचं पान आधीपासून असलं तर हे करता येतं. नसलं तर ती बाकी वर्षानुवर्षं वहीत राहते, आणि ती बाई दुकानासमोरून जाणं सोडून देते.

दुकानदाराकडून लोक बातमीही घेतात, हे विसरू नका. उद्या दूध मिळणार का, बाजार भरणार का, हे लोक आपल्यालाच विचारतात. प्रत्येक जिल्ह्याचा आदेश वेगळा, वेळा वेगळ्या. ग्रुपवर आलेलं पुढं ढकलू नका. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश मिळाला की त्याची प्रिंट दारावर लावा. एवढी मदत तर फुकटात होते.

कागद आधी, संकट नंतर

हे थोडक्यात सांगतो, कारण यावर वेगळा व्हिडिओ आहे. फेरीवाल्यांसाठी १ जून २०२० ला पीएम स्वनिधी आली: दहा हजारांचं विनातारण कर्ज, वर्षात फेडायचं, वेळेवर फेडलं तर व्याजात सात टक्के सवलत. आता पहिला टप्पा पंधरा हजार, दुसरा पंचवीस, तिसरा पन्नास असा आहे. तेव्हा पालिकेचं ओळखपत्र किंवा शिफारसपत्र ज्यांच्याकडं होतं त्यांचं काम पटकन झालं. छोट्या उद्योगांसाठी जे तातडीचं हमी कर्ज आलं ते २९ फेब्रुवारी २०२० ला जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या वीस टक्के. ज्याचा सगळा व्यवहार हातउसन्यावर, त्याला वीस टक्के कशाचे देणार? उद्यम नोंदणी आधारवर मोफत होते. कोणी दीड हजार मागत असेल तर उठून या. आणि हे सगळे कागद, वहीच्या पानांसकट, महिन्याला एकदा मोबाईलवर फोटो काढून घरातल्या दुसऱ्या माणसाला पाठवून ठेवा. मुखेडसारखं पाणी घरात शिरलं तर कपाट वाचत नाही.

आता काकूंची वही परत उघडा

क्रम लावून बघू. घर आणखी ओढून ८ हजार. दोघी मावशींना अर्धा पगार, ६ हजार. भाडं अर्धं, ४ हजार. लाईट १ हजार. बँकेची सवलत घेतली, हप्ता शून्य. मदतीचं पान ५०० रुपये. बेरीज १९,५००, म्हणजे रोजचे ६५०. तेच ३० हजार आता ४६ दिवस पुरतात. २४ चे ४६ झाले, पोरांच्या अनामतीला हात न लावता, आणि मावशींना रिकाम्या हातानं न पाठवता. त्यात दिवसाला पंधरा डबे सुरू झाले आणि एका डब्यामागं वीस रुपये सुटले, तर रोजचे ३०० आले. ६५० मधून ३०० वजा केले की रोजचे ३५०, आणि ३० हजारांना ८५ दिवस लागतात संपायला. लॉकडाऊनचे ते ६८ दिवस त्यात बसतात.

आज रात्री दुकान बंद केल्यावर तुमचा आकडा काढा. शटर बंद असतानाचा एक दिवस कितीला पडतो, हातात खरे किती आहेत, त्यांत दुसऱ्याचे किती. मग देण्याचा क्रम लिहा, नावं टाकून. घरातल्या माणसांना तो वाचून दाखवा, कारण तुम्ही दवाखान्यात असाल तेव्हा गल्ला तेच सांभाळणार आहेत.